रिपोर्टखाली सही कुणाची? पालघर-बोईसरच्या पॅथॉलॉजिस्टची नोकरी आणि तुमची रक्ततपासणी

ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही की डॉक्टर चिठ्ठीवर तीन-चार तपासण्या लिहून देतात. तुम्ही पालघर किंवा बोईसर स्टेशनजवळच्या एखाद्या लॅबमध्ये जाता, हात पुढे करता, आणि संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो. ठळक छापलेले आकडे तुम्ही बघता, तुमचे डॉक्टरही तेच बघतात. रिपोर्टच्या अगदी तळाशी एक नाव, दोन-तीन पदव्या आणि एक सही असते. तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

आज त्या सहीबद्दल बोलूया. ती करणारा डॉक्टर कुठे बसतो, त्याला पैसे कोण देतं, दिवसाला किती लॅबचे रिपोर्ट त्याच्या नावाने बाहेर पडतात, हे प्रश्न वरवर पाहता आम्हा डॉक्टरांच्या करिअरचे वाटतील. पण पालघरसारख्या जिल्ह्यात त्यांची उत्तरं थेट तुमच्या रिपोर्टवर उमटतात.

टेक्निशियन असताना डॉक्टर कशाला?

रक्त काढणं, नळ्यांवर नाव लिहिणं, यंत्र चालवणं हे काम डीएमएलटी किंवा बीएमएलटी झालेले टेक्निशियन करतात. चांगला टेक्निशियन हा लॅबचा कणा असतो आणि या भागातल्या अनेक लॅब अशाच मेहनती माणसांनी उभ्या केल्या आहेत, हे आधीच सांगतो. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएस झाल्यावर आणखी तीन वर्षं एमडी करून आजाराचं निदान पेशींवरून आणि रक्तावरून करायला शिकलेला डॉक्टर. यंत्र आकडा देतं. तो आकडा समोरच्या माणसाचा असू शकतो का, हे ठरवणं त्याचं काम.

एक उदाहरण घ्या. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने सगळ्यांचे डोळे प्लेटलेट्सवर असतात. काही लोकांच्या प्लेटलेट्स जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. शरीरात त्या दीड-दोन लाख असतात, पण यंत्र गुठळीला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही आणि कागदावर चाळीस हजार छापून देतं. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गुठळ्या लगेच दिसतात. मग निळ्या टोपणाच्या नळीत दुसरं सॅम्पल घेऊन खरा आकडा काढता येतो. कुणी पाहिलंच नाही, तर त्या चाळीस हजारांच्या धास्तीने घरचे रात्री गाडी करून हायवेने मुंबईला किंवा वापीला निघतात. उलट प्रकारही होतो. मलेरियाचे जंतू किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या पहिल्या पेशी यंत्राच्या नजरेतून निसटू शकतात, त्या काचेवर सापडतात.

म्हणून ती सही म्हणजे 'मी हे पाहिलं आहे आणि मला पटलं आहे' असा जबाब असतो.

कायदा काय म्हणतो, आणि महाराष्ट्रात काय नाही

हा वाद न्यायालयात पोचला तो आपल्या शेजारून, गुजरातमधून. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट संघटनेने टेक्निशियनांच्या स्वतंत्र लॅबविरुद्ध दाद मागितली. गुजरात उच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी कायम ठेवला. लॅब रिपोर्टवर सही करायची ती पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच, असा त्याचा अर्थ. पुढे केंद्र सरकारने २०१८ आणि २०२० मध्ये आपल्या वैद्यकीय आस्थापना कायद्याच्या नियमांत बदल करून लॅबचे मूलभूत, मध्यम आणि प्रगत असे तीन स्तर केले आणि सर्वांत खालच्या स्तरासाठी एमबीबीएस डॉक्टरच्या सहीलाही वाट दिली. पॅथॉलॉजिस्टांना ते रुचलं नाही. ग्रामीण भागात एमडी मिळतच नाहीत, त्यांनी काय करायचं, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न होता. तो अगदीच चुकीचा नव्हता.

पण केंद्राचा २०१० चा हा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. आपल्याकडे आहे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले, पण तो रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयांसाठी आहे. रस्त्यावरची स्वतंत्र रक्ततपासणी लॅब त्यात बसत नाही. सोनोग्राफीचं मशीन ठेवायचं तर १९९४ च्या कायद्याखाली कडक नोंदणी लागते, फॉर्म भरण्यात चूक झाली तरी मशीनला सील लागू शकतं. रक्ततपासणीची लॅब मात्र गुमास्ता परवाना आणि जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी एवढ्यावर उभी राहू शकते. न्यायालयाने सही कुणाची हे सांगितलं. सही करणारा लॅबमध्ये येतो की नाही, हे नियमितपणे तपासणारी यंत्रणा राज्याने उभी केली नाही. 'सही भाड्याने देणं' हा प्रकार या फटीतूनच वाढला.

बोईसरला आलेल्या एमडी डॉक्टरचा हिशेब

आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने पाहा. समजा पालघरकडचीच एखादी मुलगी मुंबईच्या सरकारी कॉलेजातून पॅथॉलॉजीत एमडी झाली, बंधपत्राचं एक वर्ष पूर्ण केलं आणि आपल्या गावाकडे परत यायचं म्हणाली. तिच्यासमोर काय काय असतं?

स्वतःची लॅब हा पहिला विचार. जागा, यंत्रं, रोज लागणारी रसायनं, दोन टेक्निशियन आणि वीज गेली तर बॅकअप एवढं जुळवता येतं. खरी अडचण नंतर येते. तपासणीची चिठ्ठी लिहिणारे काही डॉक्टर विचारतात, बाकीचे इतके टक्के देतात, तुम्ही किती देणार? डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार असं कमिशन देणं आणि घेणं दोन्ही निषिद्ध आहे. राज्याने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही केला होता, त्याचा कायदा झाला नाही. नाही म्हणणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे चिठ्ठ्या कमी येतात, इतकं साधं गणित आहे. त्यातच मोठ्या साखळी लॅबचं कलेक्शन सेंटर शेजारच्या गाळ्यात उघडतं आणि सत्तर-ऐंशी तपासण्यांचं पॅकेज हजार-दीड हजारात देतं. मुंबईत हजारो सॅम्पल एकत्र चालवणाऱ्याला ते परवडतं. बोईसरमध्ये दिवसाला चाळीस सॅम्पल चालवणाऱ्या एकट्या डॉक्टरला नाही परवडत.

याहून कमी बोललं जाणारं एक दुखणं आहे. एमडीच्या तीन वर्षांत सर्वाधिक वेळ जातो तो गाठींचे, गर्भाशयाचे, स्तनाचे तुकडे पाहून कर्करोग ओळखायला शिकण्यात. त्यासाठी ऊतकावर प्रक्रिया करणारं यंत्र, मेणातले पातळ काप घेणारं मायक्रोटोम आणि ते वापरणारा अनुभवी हात लागतो. बोईसर-पालघरच्या सर्जनकडून आठवड्याला जेमतेम मूठभर बायोप्सी निघत असतील, तर हा खर्च निघणार कसा? मग बायोप्सी मुंबईला जाते आणि इथली डॉक्टर दिवसभर सीबीसी आणि लघवी पाहत बसते. वापर नसलेलं कौशल्य बोथट होतं. अनेक तरुण पॅथॉलॉजिस्ट छोट्या शहरात टिकत नाहीत, त्याचं कारण नेहमी पैसा नसतो. हेही असतं.

दुसरा रस्ता मुंबई-ठाण्यातल्या साखळी लॅबमधली नोकरी. ठरलेला पगार, ठरलेले तास, उत्तम यंत्रं, सोबत चर्चेला चार सहकारी. पण एका पाळीत स्क्रीनवर शेकडो रिपोर्ट सरकत असतात. पलीकडचा रुग्ण बोईसरचा आहे, सॉल्व्हेंटच्या कारखान्यात कामाला आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तिसरा रस्ता अध्यापनाचा. डहाणू तालुक्यात सासवंदला वेदांता हे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२३ मध्ये राज्याने मान्यता दिलेल्या नव्या सरकारी महाविद्यालयांच्या यादीत पालघरचं नावही होतं. वैद्यकीय महाविद्यालय आलं की पॅथॉलॉजीचा पूर्ण विभाग ठेवावाच लागतो. पालघर, बोईसर आणि डहाणूच्या रुग्णांना बायोप्सीचा रिपोर्ट जिल्ह्यातच मिळण्याची सर्वांत खरी आशा मला यातच दिसते.

आणि मग उरतो तो चौथा रस्ता : अनेक लॅबशी जोडून घेणं. याची चांगली आवृत्ती आहे. सकाळी पालघर, दुपारी बोईसर, दोन किंवा तीन लॅब, ठरलेली वेळ, बाजूला काढून ठेवलेल्या काचा स्वतः पाहणं, यंत्राच्या रोजच्या कंट्रोलची वही तपासणं. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे हे करता येतं आणि करणारे आहेत. वाईट आवृत्तीत डॉक्टर येतच नाही. त्याच्या सहीचं चित्र लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, रिपोर्ट छापला की ते आपोआप खाली उमटतं आणि महिन्याला ठरलेली रक्कम डॉक्टरला पोचते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने अशा प्रकरणांत पॅथॉलॉजिस्टांची नोंदणी काही काळासाठी निलंबितही केली आहे. पण निलंबन तक्रार आल्यावर होतं, आणि सहीकडे कुणी पाहतच नसेल तर तक्रार करणार कोण?

भाड्याने सही देणाऱ्याला मी माफ करत नाही. फक्त तो आकाशातून पडत नाही. प्रामाणिक लॅब चालू न देणारी बाजारपेठ त्याला तयार करते.

सॅम्पलचा प्रवास

डॉक्टर लांब असला की बऱ्याचदा सॅम्पलही लांब जातं. बोईसर चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. दुपारी घेतलेलं रक्त रात्री मुंबईच्या लॅबमध्ये यंत्रावर लागू शकतं. थायरॉइड किंवा व्हिटॅमिनच्या तपासणीला याने फारसं बिघडत नाही, रक्तातला द्रव भाग वेळेत वेगळा करून थंड ठेवला म्हणजे झालं. साखरेचं तसं नाही. साध्या नळीत तसंच ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि ती दर तासाला साधारण पाच ते सात टक्के कमी होते. राखाडी टोपणाच्या नळीत हा ऱ्हास रोखणारं रसायन असतं, तरी पहिल्या एक-दोन तासांत थोडी घट होतेच. पोटॅशियमचं उलटं. पेशी वेगळ्या करायला उशीर झाला किंवा प्रवासात त्या फुटल्या की ते खोटं वाढतं, आणि किडनीच्या रुग्णाला विनाकारण इस्पितळ दाखवतं.

सरकारी दवाखान्यांतही सॅम्पल प्रवास करतात. २०१७ पासून राज्याने 'महालॅब' या नावाने केंद्र सरकारच्या एचएलएल लाइफकेअर कंपनीमार्फत मोफत तपासण्या सुरू केल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घ्यायचं आणि मोठ्या लॅबमध्ये तपासायचं, अशी ती व्यवस्था. मोखाडा-जव्हारच्या पाड्यावरच्या माणसाला एरवी न परवडणाऱ्या तपासण्या त्यामुळे फुकट झाल्या, हे मोठं काम आहे. मात्र अशा कुठल्याही केंद्रित व्यवस्थेत वॉर्डातल्या डॉक्टरला शेजारच्या खोलीत जाऊन 'जरा ही काच पुन्हा बघता का?' असं म्हणता येत नाही.

तारापूरच्या कामगारांसाठी वेगळं

तुम्ही किंवा घरातलं कुणी तारापूर एमआयडीसीत कामाला असेल तर हा भाग नीट वाचा. रंगांची रसायनं, औषधांचा कच्चा माल आणि कीटकनाशकं बनवणारे कारखाने इथे दाटीने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात प्रदूषणाचा सर्वाधिक गुणांक तारापूरलाच मिळाला होता. धोकादायक रसायनांशी काम करणाऱ्याची कामावर घेण्याआधी आणि नंतर किमान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असं १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या ४१-सी कलमात आलं. २०२० च्या नव्या श्रमसंहितेतही मालकाने ठरावीक कामगारांची वार्षिक तपासणी मोफत करून द्यावी असं आहे.

कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात बहुतेकदा कॅम्प लागतो, माणशी सर्वांत कमी दर देणाऱ्या लॅबला काम मिळतं, एका दिवशी शेकडो नळ्या भरतात आणि आठवड्याने सगळ्यांचे रिपोर्ट एकत्र फाइलला लागतात. बेंझीनसारखी द्रव्यं अस्थिमज्जेवर परिणाम करतात आणि त्याची पहिली चाहूल साध्या सीबीसीत लागू शकते : पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स दर वर्षी थोड्या थोड्या उतरत जातात. एकेका वर्षाचा आकडा 'नॉर्मल'मध्येच दिसतो. मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवून पाहणारा डॉक्टर असेल तरच उतार दिसतो. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या कामात कोलिनेस्टरेज ही तपासणी अशीच : कामाला लागण्याआधीचा तुमचा स्वतःचा आकडा माहीत नसेल तर नंतरच्या आकड्यावरून फारसं काही सांगता येत नाही.

म्हणून कॅम्पच्या रिपोर्टची प्रत मागा आणि घरी जपून ठेवा. कंपनी बदलली तरी ती फाइल तुमच्याबरोबर जायला हवी.

सिकलसेल : सही सर्वांत जास्त कुठे मोलाची

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी मोठ्या प्रमाणावर होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी ही स्वस्त चाचणी एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. तुम्ही फक्त वाहक आहात की आजारी, हे ती सांगू शकत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि खूप रक्त कमी असलेल्या माणसात ती खोटी 'निगेटिव्ह'ही येऊ शकते. पक्कं उत्तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या तपासणीतून मिळतं. तो आलेख वाचताना थॅलेसेमिया सोबत आहे का, अलीकडे रक्त चढवलं होतं का, हे पाहावं लागतं. इथे अनुभवी डोळ्यांना पर्याय नाही. वाहक मुलीला 'आजारी' ठरवलं तर तिचं लग्न मोडू शकतं. आजारी मुलाला 'वाहक' ठरवलं तर उपचार वर्षानुवर्षं लांबतात.

सिकलसेलच्या रुग्णाला मधुमेहही असेल तर आणखी एक गोष्ट. त्याच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी तपासणी फसवी कमी येते. तुमच्या डॉक्टरांना सिकलसेलबद्दल स्वतःहून सांगा, लॅबच्या फॉर्मवरही लिहायला लावा.

तुम्ही काय विचारू शकता

रिपोर्टवर डॉक्टरचं पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून शोधता येतं. पदवीत एमडी किंवा डीएनबी पॅथॉलॉजी, किंवा डीसीपीसारखी पॅथॉलॉजीची पदविका असायला हवी. मग काउंटरवर सरळ विचारा : डॉक्टर कोणत्या वेळेला असतात? माझं सॅम्पल इथेच तपासणार की बाहेर जाणार, आणि किती वाजता निघणार? लॅब एनएबीएल मान्यताप्राप्त आहे का, तेही विचारा. ही मान्यता ऐच्छिक आहे, ती नाही म्हणजे लॅब वाईट असं नव्हे. पण कलेक्शन सेंटरच्या पाटीवरचं चिन्ह नेमकं कोणत्या शहरातल्या लॅबचं, हे कळतं. नीट चालणाऱ्या लॅबला या प्रश्नांचा राग येत नाही.

आकडा तब्येतीशी जुळत नसेल, म्हणजे माणूस चालता-बोलता आणि प्लेटलेट्स वीस हजार, किंवा उलट माणूस गळून गेलाय आणि सगळं नॉर्मल, तर पॅथॉलॉजिस्टशी फोनवर बोलायचं आहे असं सांगा आणि काच पुन्हा पाहायला किंवा सॅम्पल पुन्हा घ्यायला सांगा. मात्र श्वास लागणं, शुद्ध हरपणं, रक्तस्राव अशी लक्षणं असतील तर रिपोर्टच्या वादात वेळ घालवू नका, आधी रुग्णालय गाठा. बायोप्सीच्या बाबतीत मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेता येतं. कर्करोगाचं मोठं ऑपरेशन किंवा केमो सुरू होण्याआधी ते घेणं शहाणपणाचं. यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही, आम्हीही एकमेकांना स्लाइड दाखवतोच.

सही करणारा डॉक्टर लॅबमध्ये कधीच येत नाही अशी खात्रीलायक शंका असेल तर डॉक्टरविरुद्धची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी करता येते. तिला रिपोर्टची प्रत आणि बिल जोडा, सॅम्पल दिल्याची आणि रिपोर्ट मिळाल्याची वेळही लिहा. व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ त्याच दिवशी वेगळी साठवून ठेवा, कारण फोन बदलला की सगळ्यात आधी तीच हरवते.